भात कोणी सोडायचा?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना पॅलिओ डाएटचा ओझरता उल्लेख झाला आणि या महिन्याचं टपाल त्याच विषयानं भरलं. ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेती सुरू व्हायच्या आधी, म्हणजे ढोबळमानानं दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस जे खायचा तेच खायचं. मासे, मटण, अंडी, भाज्या, कंद, फळं, सुका मेवा चालतो. धान्य, डाळी-कडधान्यं, दूध-दही, साखर आणि पाकिटातलं सगळं बंद. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, तेव्हापासून याची गंभीर चर्चा सुरू झाली. आपल्या किनाऱ्यावर ते पोचलं मोबाइलमधून.

पत्रं लांबलचक होती, कापून देते आहे. नावं छापत नाही. कोकणात आडनाव आणि वाडी कळली की माणूस सापडतो.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर पुण्याची नोकरी घरून करायला मिळाली म्हणून गावी आले. वर्षभर पॅलिओ करतायत. वजन चांगलं उतरलं, चिडचिड कमी झाली. आता म्हणतात की मुलांनीही हेच खायचं. मोठा सात वर्षांचा, धाकटी तीन. सकाळची उकड्या तांदळाची पेज त्यांनी बंद केली. सासूबाई भडकल्या, म्हणाल्या, “माज्या नातवाक पेज नाय तर काय, दगड देतलंस?” मिस्टरांचं वेगळं, सासूबाईंचं वेगळं, मुलांचं लपूनछपून वेगळं, असा माझा दिवस चुलीपुढे जातो. मी कोणाचं ऐकू? — मालवण तालुका

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अश्मयुगाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मिस्टरांचं पोट उतरलं ते खोटं नाही. चहाबरोबरची खारी, दुपारचे वेफर्स, कोल्ड्रिंक, रात्री दहाला भाताचा डोंगर, हे एकदम थांबलं की कोणाचंही उतरेल. मोठ्या माणसांवर झालेल्या छोट्या अभ्यासांमध्येही थोड्या महिन्यांत वजन आणि कमरेचा घेर कमी झालेला दिसतो. त्यांना मानवतंय तर त्यांनी खुशाल करावं. पण एकादशी ज्याची त्यानं करायची असते. तीन वर्षांच्या पोरीला कोणी निर्जळी घडवत नाही.

मोठ्यांना अंगावरचं थोडं घालवायचं असतं, मुलांना रोज नवीन हाड, नवीन रक्त, नवीन स्नायू घडवायचा असतो. त्यात पोट एवढंसं आणि दिवसभर हुंदडणं. पेज-भातातून मिळणारी ऊर्जा नुसत्या मासे-भाजीतून भरून काढायची तर तुमच्या धाकटीला किती वाट्या भाजी खावी लागेल, आणि ती कितव्या घासाला तोंड फिरवेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरा मुद्दा हाडांचा. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधातून साधारण २४० मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे मध्यम भाकरीतून दीडशे तरी येतं. दूध आणि नाचणी दोन्हींवर काट मारली की ही बेरीज कशी जुळवायची, हे मिस्टरांना कागद-पेन देऊन विचारा. हिशेब जमत नाही असं नाही. सालीसकट तीळ चमचाभर घेतले तर जवळपास शंभर मिळतं, शेवग्याचा पाला आहे, काट्यासकट खाल्लेले लहान मासे आहेत. पण हे सगळं रोज, न चुकता, सात वर्षांच्या मुलाच्या पोटात जायला हवं. तेवढं सांभाळण्यापेक्षा भाकरी थापणं सोपं.

मिस्टर शास्त्राचं बोलत असतील तर त्यांना हेही ऐकवा. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो नावाची तेवीस हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. तिथे रानटी जव आणि गव्हाचे दाणे मिळाले, ते दळायचा दगडही मिळाला. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस दाणे वेचून, दळून खात होता. शिवाय दहा हजार वर्षांत आपलं शरीर जिथल्या तिथे थांबलेलं नाही. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता काही समाजांमध्ये याच काळात पसरली. आणि वाटीतले जे काजू ते कामाच्या मधे मधे तोंडात टाकत असतील, ते झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. कोकणातल्या अश्मयुगीन माणसानं काजू पाहिलेलाही नव्हता. म्हणून काजू सोडा असं मी म्हणत नाही, ओल्या काजूगरांची उसळ मी कोणालाही सोडू देणार नाही.

आता तुमच्या चुलीचं. मालवणी ताटातून भात आणि भाकरी बाजूला केली तर उरतं ते बहुतेक पॅलिओच असतं. वाटपाचं कालवण, तिखलं, सोलकढी, पालेभाजी, नीरफणसाच्या कापा रव्याशिवाय तळलेल्या. तेव्हा कालवण-भाजी सगळ्यांना एकच करा, भात-भाकरी बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घेईल. मिस्टरांना याव्यतिरिक्त काही लागत असेल, फ्लॉवर किसून केलेला तो ‘भात’ वगैरे, तर तो त्यांनी करायचा. घरूनच काम करतात ना? किसणी कुठे असते ते दाखवून ठेवा.

लहान माशांचा विषय निघालाच आहे तर पेडव्यांचं सांगते. स्वस्त मिळतात त्या दिवशी किलोभर घ्या. डोकी आणि पोट काढून स्वच्छ धुवायचे. हळद, मीठ, लाल तिखट, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), बी काढून ठेचलेली तिरफळं आणि वर सढळ हातानं खोबरेल. हे चोळून हळदीच्या पानांत घट्ट गुंडाळायचे आणि बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर सोडून द्यायचे. घाई केली तर पान करपतं आणि आत कच्चे राहतात. पानावर काळे डाग पडले, कडेनं सुटलेला रस आटला आणि घरभर वास सुटला की उतरवायचे. मधला काटा इतका मऊ होतो की मोठा मुलगा चावून खाईल. धाकटीला मात्र काटा काढून, बोटांनी कुस्करूनच द्या. तिच्यासाठी तिखटही बेतानं. आठवड्यातून दोनदा हे ताटात आलं तर मुलांचं, मिस्टरांचं आणि सासूबाईंचं एकदम भागतं. मोरी आणि मोठी सुरमई मुलांना वरचेवर नको. मोठे शिकारी मासे लहान माशांवर जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा साठत जातो. बांगडा, तारली, पेडवे, मांदेली यांना ती भीती फार कमी.

आणि सकाळची पेज उद्यापासून सुरू करा. लपूनछपून नको, ओसरीवर बसवून द्या.

प्रश्न : मी आणि बायको दोघंही पॅलिओ करतो. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्यावर आम्ही काही लादलेलं नाही. तिचा डबा नेहमीचाच असतो, चपाती-भाजी. पण हल्ली डबा अर्धा परत येतो, भाजी खाते आणि चपाती ठेवते. विचारलं तर म्हणाली, “पोळी-भातानं जाड होतात, तुम्हीच म्हणता.” शाळेत मैत्रिणींनाही तेच सांगते म्हणे. आधी कौतुक वाटलं, आता काळजी वाटते. — चिपळूण

उत्तर : काळजी करण्यासारखंच आहे. या महिन्याच्या टपालात मला सगळ्यात जास्त खुपलेलं पत्र हे.

तुम्ही लादलं नाहीत हे मला पटतं. पण मुलं सूचना ऐकत नाहीत, गप्पा ऐकतात. जेवताना “आज भात खाल्ला, उद्या भोगावं लागणार” असं कोण म्हणतं? लग्नातून आल्यावर “किती घाण खाल्लं” असं कोण म्हणतं? वजनकाटा कुठे आहे? हॉलमध्ये असेल तर आजच तो तुमच्या खोलीत, पलंगाखाली जाऊ दे. रोज सकाळी आईबाप काट्यावर चढतात आणि चेहरा पाडतात किंवा खुलवतात, हे अकरा वर्षांची मुलगी वर्षभर बघते आहे.

या वयात मुली झपाट्यानं वाढतात. पाळी यायची असते किंवा नुकतीच आलेली असते. उंची वाढायच्या आधी अंग थोडं भरतं, ते भरायलाच हवं. दहा ते बारा या वयात कॅल्शियमची गरज ८५० मिलिग्रॅमवर जाते आणि लोहाचीही वाढते. नेमक्या याच वेळी ती ताटातून एकेक पदार्थ वजा करायला लागली आहे.

घरात यापुढे “वाईट”, “घाण”, “चीट” हे शब्द जेवणाला लावू नका. तुम्ही भात घेत नाही याचं कारण तिनं विचारलं तर एका वाक्यात सांगा, “माझी साखर वाढली होती म्हणून मी कमी केला, तू वाढतेयस, तुला तो लागतो.” साखर वाढली नसेल तर जे खरं कारण असेल ते सांगा, पण ते तुमच्यापुरतंच ठेवा. तिच्या वजनावर, अंगावर, गालांवर कोणी बोलायचं नाही. कौतुकानंही नाही. आत्या-मावशींनाही बजावून ठेवा, कारण आपल्याकडे पाहुणा दारात चप्पल काढता काढताच “बारीक झालीस” किंवा “सुटलीस” म्हणतो.

आणि एक करा. रोज नको, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी तिच्यासमोर, तिच्याबरोबर तुम्ही दोघं पोटभर घावणे किंवा आंबोळी खा. नुसतं सांगून हे पुसलं जाणार नाही, तिला दिसावं लागेल. पॅलिओ मोडेल, मोडू दे.

महिनाभरात फरक पडला नाही, किंवा वजन उतरायला लागलं, सारखी थंडी वाजते म्हणाली, केस गळायला लागले, जेवण लपवताना किंवा टाकताना दिसली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. वाढीचा तक्ता आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. खाण्याबद्दलची भीती मनात घर करून बसली असेल तर समुपदेशकाचीही गरज लागते, त्यात लाजायचं कारण नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. मुलगा-सून ठाण्याला असतात, दोघं पॅलिओ करतात, बाहेर अंडं खातात. नातू पाच वर्षांचा आहे. त्यालाही दूध, वरण, भात बंद. मे महिन्यात मी त्याला मागीलदारी नेऊन मेतकूट-तूप-भात भरवला, तो सुनेनं पाहिला आणि दोन दिवस घरात अबोला होता. आता गणपतीला येणार. मोदकाचं काय करू? — गुहागर

उत्तर : काकू, मोदक द्यायचा. पण मागीलदारी नाही.

पाच वर्षांच्या मुलाला आजीनं चोरून भरवलं की त्याला भाताबरोबर आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, ती म्हणजे आईपासून लपवायचं. तुमचा जीव तुटतो हे कळतं, पण सुनेचा शब्द मुलासमोर खाली पडता कामा नये. त्यांनी गाडीत बसायच्या आधीच फोन करा आणि सरळ सांगा, “चतुर्थीला त्याच्या पानात मी मोदक वाढणार आहे, वर तूपही घालणार आहे.” रुसवाफुगवा काय व्हायचा तो फोनवर होऊन जाऊ दे. तूप पॅलिओवाल्यांतले बरेच जण खातात, त्यामुळे निम्मं भांडण तिथेच मिटेल.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तर तुमची बाजू फारच भक्कम आहे. ऋषीपंचमी! बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही. तुमच्या आज्जेसासूबाई जी ऋषीची भाजी करत असतील ती आठवा. अळू देठांसकट, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, आंबटपणाला अंबाडे, वर ओलं खोबरं. फोडणी नाही, तेल नाही. सुरण-अळू खाजरं असतं म्हणून अंबाडे हात राखून घालू नका. मोठ्या पातेल्यात भाज्या आपल्याच पाण्यात शिजतात, भोपळा विरघळून रस दाट होतो. हे सुनेपुढे ठेवा, ती दोनदा मागून घेईल. मक्याची कणसं आणि शेंगदाणे तेवढे तिच्या यादीत बसायचे नाहीत, ते घालण्याआधी तिची वाटी काढून ठेवा.

आता मुलगा-सुनेसाठी, हे पान त्यांना दाखवा. मासे-मटण खाणाऱ्या घरातलं पॅलिओ आणि शाकाहारी घरातलं पॅलिओ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डाळ नाही, कडधान्य नाही, दूध नाही, मासा नाही. मग पाच वर्षांच्या मुलाच्या ताटात प्रथिनं येणार कुठून? काजू-बदामांनी ते भागत नाही. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून मिळत नाही, शाकाहारी मुलाला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं. तुम्ही दोघं बाहेर अंडं खाता, त्याला घरात काय मिळतं? तुमचं तुम्ही बघा, पण त्याचं दूध-दही आणि वरण-भात परत सुरू करा. इतके महिने बंद होतं तर बालरोगतज्ज्ञांना विचारून बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. बाळंतपणातलं वजन उतरवायला पॅलिओ सुरू केलं, भात-चपाती पूर्ण बंद, फळंही अगदी कमी. मीठ सैंधव वापरते. बाळाला साखरेऐवजी मध देऊ का? — दापोली

उत्तर : मध अजिबात नको. एक वर्षाच्या आत चाटणसुद्धा नाही. मधात असणाऱ्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. कुठलीही आजी काहीही म्हणो. आणि साखरही नकोच. बाळाला नाचणीसत्त्व, मऊ भात-वरण, कुस्करलेलं केळं दे.

तुझं स्वतःचं पॅलिओ दूध तुटेपर्यंत लांबणीवर टाक. अंगावर पाजताना रोज पाचशे कॅलरीच्या वर जादा लागतात. या काळात पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले तर क्वचित रक्तात आम्ल साठून बाईची प्रकृती एकदम बिघडते. मळमळ, उलट्या, धाप, खूप थकवा असं काही झालं तर डाएट सांगणाऱ्याला मेसेज करत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ आणि तिथे “मी अंगावर पाजते आणि भात-पोळी बंद आहे” हे आधी सांग. बिस्किटं, फरसाण, गोड बंद ठेवलं आहेस ते तसंच राहू दे. भात-भाकरी जेवणात आण, अळिवाची खीर घे, वजन सावकाश उतरेल.

सैंधवात आयोडीन नावालाच असतं, मिठागरातल्या खड्या मिठातही तसंच. तुझ्या दुधातून बाळाला जे आयोडीन मिळतं ते तू खाल्लेलंच असतं, आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. साधं आयोडीनयुक्त मीठ वापर.

प्रश्न : जून-जुलैत बोटी बंद, मासे नाहीत किंवा परवडत नाहीत. पॅलिओवाल्या माणसानं मुलाबाळांच्या घरात काय शिजवायचं? — रत्नागिरी

उत्तर : पाऊस सुरू झाला की रानच बाजार होऊन दारात येतं. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवग्याचा पाला, नंतर अळू. त्यात अंडी फोडून घातली की मुलंही खातात. शेवळं मात्र करणाऱ्याला करता येत असतील तरच करा. काकड (हे आंबट रानफळ) किंवा चिंच कमी पडली तर घसा धरतो, लहान मुलांना तर देऊच नका. सुकट, सुके बांगडे आहेतच, पण खारवलेली मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. मुलांना ती चवीपुरती. त्यांच्यासाठी कुळथाची पिठी आणि भात करा. पॅलिओवाल्याला वास सहन होत नसेल तर त्यानं बाहेर पडवीत जेवावं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. भावाचं बघून त्यांनीही भात-भाकरी सोडली. परवा अकरा वाजता घाम फुटून चक्कर आली. पित्त असेल का? — वेंगुर्ला

उत्तर : पित्त समजून बसू नका. ही गोळी साखर खाली आणते, आणि खाणं कमी करून गोळी तेवढीच ठेवली तर साखर गरजेपेक्षा खाली जाते. पुन्हा असं झालं तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर परत पाजा, मग काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि परवाचा प्रकार आजच डॉक्टरांना सांगा. आहार बदलायचा असेल तर गोळीचा डोस त्यांनी ठरवून दिल्यावरच. तोपर्यंत वडिलांचं जेवण पहिल्यासारखं, वेळच्या वेळी.

प्रश्न : घरात दोन तट पडलेत. पिकलेला फणस आणि आठळ्या पॅलिओत चालतात की नाही? — लांजा

उत्तर : दोन्ही चालतात. फणस वड-उंबराच्या कुळातला, त्यामुळे आठळी म्हणजे कडधान्य नव्हे. उकडून किंवा निखाऱ्यात भाजून खा, कच्ची नको. बरका असो नाहीतर कापा, वजन उतरवायला निघालेल्यानं गरे मोजून खावेत, मुलांना मोजून देऊ नयेत. रात्री झोपताना वीस गरे खाऊन पोट बिघडलं तर त्याचं खापर अश्मयुगावर फोडू नका.